मुलीला दिलेली किडनी, क्रिएटिनिन १.१ वरून १.५. डीएनएच्या रक्ततपासणीने बायोप्सी टळेल का?

स्वारगेट_वर्कशॉप | सोमवार, रात्री १०:४०

मंडळी, नमस्कार. मी एरवी जुन्या गाड्यांच्या धाग्यांवर पडीक असतो, आरोग्याच्या दालनात पहिल्यांदाच येतोय. थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

वय ६२. पीएमटीच्या वर्कशॉपात ३१ वर्षं इंजिनं उघडण्यात गेली. चार वर्षांपूर्वी माझी डावी किडनी मुलीला दिली. तिला आयजीए नेफ्रोपॅथी (किडनीच्या गाळण्यांचा आजार) होती, कळलं तोवर दोन्ही किडन्या आवळून गेल्या होत्या. बायकोचा रक्तगट जुळेना. झेडटीसीसीच्या, म्हणजे मृत दात्यांचे अवयव वाटून देणाऱ्या संस्थेच्या, यादीत नाव घातलं होतं, पण ती रांग कधी पुढे सरकेल याचा नेम नाही. मी म्हटलं, माझ्याकडे स्टेपनी आहे, घ्या. तेव्हापासून मुलीचं क्रिएटिनिन १.० नाहीतर १.१. प्रत्येक आकडा मी वहीत उतरवतो: तारीख, क्रिएटिनिन, टॅक्रोलिमस (शरीराने किडनी नाकारू नये म्हणून तिला रोज गोळी असते, तिची रक्तातली लेव्हल), बीपी. गाडीचं लॉगबुक ठेवायची सवय आहे, जात नाही.

आता वहीतलं शेवटचं पान सांगतो. तीन आठवड्यांपूर्वी नेहमीची तपासणी होती. त्या दिवशी खडकवासल्यातून पाणी सोडलेलं, नदीपात्रातला रस्ता बंद, सिंहगड रोडला गाड्या जागच्या हलत नव्हत्या. म्हणून पहिल्यांदाच हॉस्पिटलात न जाता एका लॅबच्या मुलाला घरी बोलावलं. आठची वेळ दिलेली, उगवला साडेदहाला. तोवर मुलीचा नऊचा अलार्म वाजला, ऑफिसची मीटिंग चालू होती, सवयीने तिने गोळी घेऊन टाकली. त्याला तिने हे सांगितलंही. तो म्हणाला, चालतंय ताई, फॉर्मवर लिहितो. रिपोर्ट आला: क्रिएटिनिन १.१, टॅक्रोलिमस १३.४. एरवी टॅक्रोलिमस सहाच्या आसपास असतं. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवला, तिकडून निरोप आला की डोस कमी करा. दोन-दोन मिलिग्रॅम चालू होतं, ते सकाळी दीड आणि रात्री दीड केलं.

शुक्रवारी तपासलं तर क्रिएटिनिन १.४. आज परत केलं, १.५. ताप नाही, दुखत नाही, लघवी नेहमीसारखी. बीपी मात्र १२० चं १३८ झालंय.

डॉक्टर म्हणाले, बायोप्सी करू. शिवाय एक नवी रक्ततपासणी आहे, त्यात दात्याच्या किडनीचा डीएनए पेशंटच्या रक्तात किती आहे ते मोजतात. महाग आहे, नमुना पुण्याबाहेर जातो, हवी असेल तर तीही करू. बायोप्सी हा शब्द ऐकून घरी आलो तर स्वयंपाकघरातला नळ अर्धा तास वाहत होता, कुणाचं लक्षच नाही. मुलगी शांत आहे. मीच नाही.

एक विचारायचंय की ही रक्ततपासणी केली तर सुई घालून किडनीचा तुकडा काढणं टळेल का?

दुसरं मला काही केल्या उलगडत नाही. ती माझी मुलगी आहे. जन्मापासून अर्धी माझीच आहे. मग यंत्राला कसं कळतं की हा डीएनए तिचा आणि हा माझ्या किडनीतला?

आणि एक माझी समजूत सांगतो, चुकत असेल तर सांगा. इंजिन ऑइल काढलं की आम्ही ते दोन बोटांत चोळून उन्हात धरायचो. चुरा चमकला की समजायचं, बेअरिंग खातंय. टेम्परेचरचा काटा चढायच्या कितीतरी आधी तेल बोलतं. क्रिएटिनिन म्हणजे काटा आणि हा डीएनए म्हणजे तेलातला चुरा, असं आहे का?


पोटात_तिसरी | सोमवार, रात्री ११:२५

काका, प्रश्नांकडे नंतर येते. आधी वहीतल्या त्या १३.४ भोवती लाल गोल करा.

टॅक्रोलिमसची लेव्हल बघायची ती ट्रफ. आदल्या रात्रीच्या गोळीला बारा तास होतात तेव्हा, सकाळची गोळी घ्यायच्या आधी. गोळी पोटात गेली की एक-दोन तासांत रक्तातलं प्रमाण एकदम वर जातं. नऊला गोळी, साडेदहाला रक्त, म्हणजे त्या मुलाने बरोब्बर टोकावर मोजलं. तिची खरी लेव्हल त्या दिवशीही सहाच असेल, सांगता येत नाही. आणि त्या टोकाच्या आकड्यावर डोस पाव हिश्श्याने उतरवलाय! फॉर्मवर वेळ लिहिली होती का ते बघा. मला वाटतं नसणार.

सकाळी उठल्या उठल्या डॉक्टरांना फोन करून एवढं एकच वाक्य सांगा: ते रक्त गोळीनंतर दीड तासाने काढलं होतं. स्वतःच्या मनाने डोस पूर्ववत करू नका, तेही त्यांनाच सांगू द्या. आज दिलेल्या रक्तात टॅक्रोलिमस होतं का? मधे जुलाब, खोकला, बाहेरून घेतलेलं अँटिबायोटिक असं काही झालं का? जुलाबात ही लेव्हल चढते, क्लॅरिथ्रोमायसिननेही चढते, मी दोन्ही भोगलंय.

माझी तिसरी किडनी अकरा वर्षांची. जुन्या दोन बहुधा आतच ठेवतात, नवी पुढे, ओटीपोटाच्या एका बाजूला बसवतात, म्हणून हे नाव घेतलंय. बायोप्सी दोनदा झालीये, त्यामुळे त्याबद्दल बोलते.

पाचव्या महिन्यात माझं क्रिएटिनिन असंच १.२ चं १.७ झालं. घरात सगळे रिजेक्शन, म्हणजे शरीराने किडनी नाकारली, असंच धरून बसले, सासूबाईंनी देव पाण्यात घातले. बायोप्सीत निघाला बीके व्हायरस. हा बहुतेकांच्या अंगात लहानपणापासून गुपचूप पडून असतो, प्रतिकारशक्ती दाबली की उठतो आणि नेमका नव्या किडनीत उच्छाद मांडतो. आता बघा, रिजेक्शन असेल तर स्टिरॉइड देऊन प्रतिकारशक्ती आणखी दाबायची, बीके असेल तर उलट गोळ्या कमी करायच्या. क्रिएटिनिनचा आकडा दोन्हीकडे तोच. तेव्हा कुणी अंदाजाने स्टिरॉइड चढवलं असतं तर ही किडनी बहुधा गेलीच असती. म्हणून बायोप्सी टाळायच्या मागे लागू नका.

प्रकार एवढा भयंकर नसतो. आपली मूळची किडनी तपासायची तर पालथं झोपवतात, ही पुढे असते म्हणून उताणंच. सोनोग्राफीचा गार जेल, मग भुलीचं इंजेक्शन (तेच काय ते चुरचुरतं), मग स्टेपलर मारल्यासारखा खट् आवाज. दोनदा. नंतर सहा तास हलायचं नाही. माझ्या मते त्यातलं सगळ्यात वाईट म्हणजे बेडपॅन. पहिली लघवी नर्स बाटलीत घेऊन खिडकीच्या उजेडात धरून बघते, लालसर असली तर मुक्काम वाढतो. ॲस्पिरिन चालू असेल तर आधीच सांगा.


निसर्गसखा | मंगळवार, सकाळी ६:५०

काका, मन खंबीर ठेवा. पाहुण्यांमध्ये एकाचं क्रिएटिनिन गुळवेलीच्या काढ्याने चारवरून दोनवर आलेलं आहे. रोज अनशापोटी अर्धी वाटी. प्रतिकारशक्ती वाढली की शरीर स्वतःच दुरुस्तीला लागतं.


पोटात_तिसरी | मंगळवार, सकाळी ७:३५

निसर्गसखा, तुमचा हेतू चांगला आहे, पण हात जोडते, इथे नको. तिची प्रतिकारशक्ती रोज दोन वेळा पैसे मोजून दाबून ठेवलेली असते. ती वाढली तर पहिला मोर्चा काकांच्या किडनीवर. काका, गुळवेल, अश्वगंधा, डब्यावर इम्युनिटी लिहिलेलं काहीही नाही. पपनसही नाही, त्यानेही टॅक्रोलिमस चढतं.


पातळ_काप | मंगळवार, दुपारी १:१५

मी डॉक्टर नाही. पॅथॉलॉजी लॅबमध्ये अठरा वर्षं बायोप्सीचे काप काढतो, दोन-तीन मायक्रॉन जाडीचे. अलीकडे अर्धा वेळ मॉलिक्युलर विभागात असतो. पोटात_तिसरी ताईंनी लेव्हलचं जे पकडलंय ते सगळ्यात महत्त्वाचं, ते केल्याशिवाय पुढचं वाचू नका.

काकांची तेलातल्या चुऱ्याची उपमा मी आता आमच्या ट्रेनींना सांगणार. बरोबर आहे, फक्त एका जागी ती मोडते.

पेशी मरते तेव्हा तिच्यातल्या डीएनएचे तुकडे होऊन रक्तात पडतात. साधारण १६०-१७० अक्षरांचे तुकडे. हे सगळ्यांच्याच अंगात चोवीस तास चालू असतं. शरीर ते झपाट्याने उपसतं, अर्ध्या ते दोन तासांत अर्धे तुकडे गायब. त्यामुळे हा चुरा गेल्या महिन्याचा नसतो, आज सकाळी काय झिजतंय ते सांगतो. क्रिएटिनिनचं तसं नाही. ते स्नायूंतून येतं, किडनी ते गाळून टाकते, गाळणं बरंच कमी झालं की मग ते साठून दिसायला लागतं. मटण खाल्लं, पाणी कमी प्यायलं, सेप्ट्रान ही अँटिबायोटिकची गोळी घेतली तरीही हलतं.

आता तुमचा अर्ध्या डीएनएचा प्रश्न. डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं की पुरुषाची किडनी किंवा लिव्हर बाईला बसवली असेल तर तिच्या रक्तरसात वाय गुणसूत्राचे तुकडे सापडतात. आदल्याच वर्षी त्यांनी गरोदर बाईच्या रक्तात बाळाचा डीएनए शोधला होता. तुमची जोडी नेमकी तशी आहे, बाप देणारा आणि लेक घेणारी. वाय तिच्या स्वतःच्या पेशीत असायचं कारण नाही, सापडला तर तो तुमचाच.

पण सगळ्यांच्या जोड्या अशा नसतात, म्हणून आता वेगळ्या पद्धतीने करतात. डीएनएतली एक ठरावीक जागा घ्या. तिथे तुमच्याकडे दोन अक्षरं आहेत, एक ए आणि एक जी. मुलीला तुमच्याकडून ए आलं आणि आईकडूनही ए. म्हणजे तिच्या कुठल्याही पेशीत त्या जागी जी नाही. तरी तिच्या रक्तात जी दिसला तर तो आला कुठून? तुमच्या किडनीतून. अर्धी ती तुमची आहे हे खरं, पण तुमचा जो अर्धा भाग तिला मिळाला नाही, तोच इथे चुगली करतो. एका जागेने भागत नाही. अमेरिकेत ॲलोशुअर नावाची तपासणी आहे, २०१७ पासून तिथली मेडिकेअर ही सरकारी विमा योजना तिचे पैसे देते, ती सुरुवातीला २६६ जागा बघायची. प्रोस्पेरा नावाची दुसरी आहे, ती तेरा हजारांहून जास्त. बाप-लेकीत उपयोगी पडणाऱ्या जागा परक्या दात्यापेक्षा कमी निघतात, म्हणून फॉर्मवर दाता वडील आहेत हे ठळक लिहा. ही तपासणी अजिबात चालत नाही ती एकसारख्या जुळ्यांत. १९५४ मध्ये बोस्टनला रिचर्ड हेरिकला त्याच्या जुळ्या भावाची, रोनाल्डची किडनी बसवली, ती पहिली यशस्वी. तिथे रिजेक्शनचा प्रश्नच नव्हता, आणि ही तपासणी असती तरी तिला दोघांत फरक दिसला नसता.

उपमा मोडते कुठे? चुरा बघून तुम्ही सांगत असाल की हा पितळी, म्हणजे बुशचा. डीएनए तेवढं सांगत नाही. किडनीच्या पेशी जास्त मरतायत इतकंच सांगतो. रिजेक्शनने, बीकेने, किडनीपर्यंत चढलेल्या लघवीच्या इन्फेक्शनने, की काल तिथे बायोप्सीची सुई घुसली म्हणून, ते त्याला माहीत नाही. म्हणून ही तपासणी करायचीच असेल तर रक्त बायोप्सीच्या आधी काढा.

आणि काही झीज अशी असते की तिचा चुरा तेलात येतच नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला, १०२ पेशंट, १०७ बायोप्स्या. एक टक्क्याची रेघ तिथूनच आली. रक्तातल्या अशा मोकळ्या डीएनएपैकी दात्याचा टक्का एकच्या वर असेल तर रिजेक्शन निघायची शक्यता ६१ टक्के, खाली असेल तर ते नसण्याची ८४ टक्के. ८४ ऐकायला बरं वाटतं, पण उरलेले सोळा? रिजेक्शन दोन जातींचं असतं. अँटिबॉडी किडनीच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर हल्ला करतात ती एक जात, तिथे मधला आकडा २.९ टक्के होता, लपत नाही. दुसरी जात टी पेशींची. तिचा सौम्य प्रकार आहे, बॅन्फच्या वर्गवारीत १ए म्हणतात (कॅनडातल्या डोंगरातलं बॅन्फ गाव, १९९१ मध्ये पॅथॉलॉजिस्ट तिथे जमले, तेव्हापासून जगभर तीच वर्गवारी). या १ए मध्ये मधला आकडा होता ०.२. आणि ज्यांना रिजेक्शन नव्हतंच त्यांचा ०.३. म्हणजे दोघांत काही फरकच नाही. १ए ची मारामारी नलिकांच्या आसपास चालते, रक्तवाहिन्यांच्या अस्तरात नाही, त्यामुळे चुरा थेट रक्तात पडत नसावा. मला तरी हे कारण पटतं.

डोस कमी झाल्यावर क्रिएटिनिन चढणं ही गोष्ट नेमकी टी पेशींच्या रिजेक्शनमध्ये बसते. म्हणून तुमच्या मुलीच्या बाबतीत आकडा कमी आला तरी मी निर्धास्त झोपलो नसतो.

सोबत डीएसए, म्हणजे दात्याच्या किडनीविरुद्धच्या अँटिबॉडींची तपासणी, होईलच. प्लास्टिकच्या सूक्ष्म मण्यांवर एकेक एचएलए (पेशीवरची ओळखखूण) चिकटवलेलं असतं, मुलीच्या रक्तातल्या अँटिबॉडी कुठल्या मण्याला चिकटतात ते मशीन वाचतं. बाप-लेकीत निम्मं एचएलए जुळलेलंच असतं, तुमच्या उरलेल्या निम्म्याविरुद्ध काही तयार झालंय का एवढंच बघायचं.

एक शेवटचं, आमच्या बाजूचं. डीएनएचं रक्त साध्या नळीत ठेवून पाठवलं तर वाटेत तिच्याच पांढऱ्या पेशी फुटतात, तिचा डीएनए वाढतो आणि तुमचा टक्का खोटाच कमी दिसतो. त्यासाठी पेशी टिकवणारी खास नळी येते. तीच वापरतायत ना, हे विचारा. लाजू नका. ज्या लॅबने गोळीची वेळ गाळली तिला तर मुळीच देऊ नका.


स्वारगेट_वर्कशॉप | मंगळवार, रात्री ९:५०

सगळ्यांचे आभार. मंडळी, माझे हात अजून थरथरतायत, टायपिंग सांभाळून घ्या.

सकाळी सातला फोन केला. डॉक्टर दोन सेकंद काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, वेळ मला कुणी सांगितलीच नाही. फॉर्मचा फोटो मागवला, त्यावर वेळेचा पत्ता नाही. लॅबला फोन केला तर उत्तर मिळालं, काका, आमच्या फॉर्मवर तसला रकानाच नाही. ३१ वर्षांत मी एकही गाडी किलोमीटर न लिहिता सोडली नाही. असो.

सोमवारचं रक्त हॉस्पिटलातच दिलं होतं, गोळीच्या आधी. टॅक्रोलिमस आज आलं. ३.६. म्हणजे तीन आठवडे ती कमी औषधावर होती आणि आम्ही खूश, की लेव्हल उतरली.

पोटात_तिसरी, जुलाब वगैरे काही नाही. २०२५ च्या जानेवारीत आमच्याच पट्ट्यात, किरकटवाडी-नांदेड-धायरीकडे जीबीएसची (हातपाय लुळे पडण्याच्या आजाराची) साथ आली, तेव्हापासून पाणी उकळल्याशिवाय घशाखाली जात नाही. अँटिबायोटिकही नाही.

डोस पूर्ववत केलाय. परवा गुरुवारी बायोप्सी. पातळ_काप, तुमचं वाचून मी आता उलट विचारतो. १ए लपतं म्हणता, डॉक्टर बायोप्सी करणारच आहेत, मग या तपासणीवर पैसे का घालू? आकडा सांगत नाही, पण माझ्या पेन्शनला तो जाणवतो.


पातळ_काप | मंगळवार, रात्री १०:३०

प्रश्न रास्त आहे. पैसे ओढूनताणून आणायचे असतील तर बायोप्सी, डीएसए आणि बीके पीसीआर (बीके व्हायरस शोधणारी तपासणी) यांना पहिला मान. डीएनए राहिलं तरी चालेल.

त्याचा खरा उपयोग क्रिएटिनिन स्थिर असताना आहे. काही महिन्यांनी एकदा करून स्वतःचाच मागचा आकडा आणि आजचा, असं बघायचं, तुमच्या वहीसारखं. पण तिथेही एक मेख आहे. काहीही न बिघडलेल्या माणसाचा आकडाही ६१ टक्क्यांपर्यंत आपोआप इकडेतिकडे होऊ शकतो. ०.२ चा ०.३ झाला तर काही नाही. ०.२ चा ०.७ झाला तर एक टक्क्याच्या खाली असूनही विचारायला हवं. आणि आता चढा निघाला, सोबत डीएसएही निघाले, तर अँटिबॉडीच्या बाजूला संशय जाईल, तो फायदा आहे. पण निकाल यायला दिवस लागतात. बायोप्सीचा तुकडा आमच्याकडे सकाळी आला तर घाईच्या केसमध्ये आम्ही दुसऱ्या दिवशी स्लाइड भिंगाखाली देतो.


स्वारगेट_वर्कशॉप | शनिवार, पुढचा आठवडा, दुपारी ४:१०

हकीकत सांगायची राहिली होती. डीएनएचं रक्त दिलं शेवटी, बायोप्सीच्या सकाळी, सुईच्या आधी. बायको म्हणाली, नंतर हळहळत बसण्यापेक्षा आत्ता खर्च करा.

बायोप्सीला मी दाराबाहेर होतो. खट् आवाज बाहेर येत नाही, पण मी कान लावून होतो. सहा तास ती उताणी पडून मोबाइलवर ऑफिसचं काम करत होती. लघवी स्वच्छ, अगदी पहिलीच. नर्सने बाटली उजेडात धरली तेव्हा मला आमचं तेल आठवलं.

शुक्रवारी संध्याकाळी रिपोर्ट. १४ ग्लोमेरुलाय (किडनीतल्या बारीक गाळण्या), ३ धमन्या. नमुना पुरेसा धरायला किमान दहा आणि दोन लागतात असं डॉक्टरांनी सांगितलं. सी४डी (अँटिबॉडीच्या हल्ल्याची खूण) निगेटिव्ह. बीके नाही. डीएसए नाही. आणि शेवटची ओळ: टी पेशींचं रिजेक्शन, १ए.

पातळ_काप, मी ती ओळ वाचली आणि पहिला तुमचाच प्रतिसाद उघडला.

त्याच रात्री मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड चालू केलं. तीन दिवस, सलाइनमधून. तोंड लालबुंद, झोप नाही, पहाटे तीनला मला उठवून विचारते, बाबा, भजी आहेत का? साखर २४० ला गेली. क्रिएटिनिन १.५, मग १.४, काल १.२. आज बीपी १२४.

डीएनएचा रिपोर्ट आज आला, दहाव्या दिवशी. ०.३४ टक्के. खाली हिरवी चौकट, आत लिहिलंय की सक्रिय रिजेक्शनची शक्यता कमी. स्टिरॉइड संपून आठवडा होत आला आणि ही चौकट आता आली! माझी चूक माझ्या लक्षात आली. तेलात चुरा नाही म्हणून हेड गॅस्केट शाबूत, असं कुठे असतं? गॅस्केट जाते तेव्हा आधी कूलंट कमी होतं, तेल नंतर बोलतं. हे मला माहीत होतं, फक्त मुलीच्या बाबतीत आठवलं नाही. सहा महिन्यांनी हीच तपासणी परत करायची की नाही ते ठरवलेलं नाही. आता ०.३४ हा तिचा स्वतःचा आकडा वहीत आहे, तेवढा राहू दे.

मुलीने तो कागद आईला दाखवला. म्हणाली, माझ्या रक्तात बाबा ०.३४ टक्के आहेत. बायको म्हणाली, आवाज तर जास्त येतो.

काल टॅक्रोलिमस परत दिलं. बसने गेलो, हॉस्पिटलच्याच लॅबमध्ये. पावणेनऊला जांभळ्या टोपणाची नळी भरली. तोवर गोळ्यांची स्ट्रिप माझ्या शर्टाच्या खिशात, तिच्या हातात दिलीच नाही. वहीत दोन नवे रकाने आखलेत, गोळी किती वाजता आणि रक्त किती वाजता. लेव्हल ६.४.

पोटात_तिसरी, एक सांगा. स्टिरॉइडनंतरची साखर किती दिवसांत उतरते? आज जेवणाआधी १६८ आहे. गणपती पुढच्या आठवड्यात येतायत आणि तिने आत्तापासून उकडीच्या मोदकांचा धोशा लावलाय.


पोटात_तिसरी | शनिवार, सायंकाळी ६:०५

काका, १.२ वाचून बरं वाटलं. माझी साखर उतरायला दोन-तीन आठवडे गेले होते, तिची डॉक्टर बघतीलच, इन्सुलिन दिलं असेल तर स्वतःहून बंद करू नका. मोदक एक, जेवणाच्या शेवटी, आणि तूप तुम्ही वाढा, तिला वाढू देऊ नका.

स्टिरॉइड नुकतंच झालंय, म्हणजे इन्फेक्शनला दार उघडं. मिरवणुकीला लक्ष्मी रोडला नेऊ नका. मी अकरा वर्षं मानाचे गणपती टीव्हीवर बघते, तिथून ते जवळून दिसतात.